योक हातात, पण नाक ऐकत नाही

सेसना 172 चा एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा हलता भाग, हवेत निकामी झाला तर काय कराल, असं तोंडी परीक्षेत विचारलं की बहुतेक विद्यार्थी घडाघडा सांगतात: फ्लॅप 20, वेग 65 नॉट, ट्रिम आणि पॉवर. (फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग, 20 म्हणजे अंश; ट्रिम म्हणजे नाक हवं तिथे धरून ठेवणारी, चाकाने फिरवायची सोय.) उत्तर बरोबरच आहे. पण पुढचा प्रश्न आला की गाडी अडते. एलिव्हेटर सुटून मोकळा पडलाय, की अडकून बसलाय? मोकळा असेल तर ट्रिमचं चाक नेहमीसारखं काम करतं. अडकला असेल तर तेच चाक उलटं वागतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रकाराचं आहे, आणि ते दुसऱ्या प्रकाराला लावलं तर नाक वर आणायच्या नादात आपणच ते खाली नेतो.

या पोस्टमधले आकडे 172एस चे आहेत. बारामती, धुळे, शिरपूर किंवा गोंदियाला तुम्ही 152, पायपर, टेक्नाम किंवा डायमंड उडवत असाल तर आपापल्या विमानाचं मॅन्युअल उघडून आकडे बदलून घ्या. तत्त्व बदलत नाही.

आधी रचना डोळ्यांसमोर आणू. योकच्या (पायलटच्या हातातल्या हँडलच्या) दांड्याची हालचाल बेलक्रँकला (दिशा बदलणाऱ्या तरफेला) मिळते आणि तिथून स्टीलच्या केबल पुल्यांवरून शेपटीपर्यंत जातात. एक केबल एलिव्हेटर वर नेण्यासाठी, दुसरी खाली. वरची तुटली तर योक ओढताना हाताला काहीच वजन लागत नाही, पोकळ वाटतं, पण ढकलल्यावर नाक खाली जातं. दोन्ही गेल्या किंवा पुढचा एखादा बोल्ट निसटला तर दोन्ही दिशांना पोकळ. योक मधेच कुठेतरी भिंतीला टेकल्यासारखा थांबत असेल तर ते अडकणं. सुटलेल्या योकला वजन नसतं, अडकलेल्या योकला हालचाल नसते. हा फरक हाताला दोन सेकंदांत कळतो, फक्त घाबरून योक गच्च आवळलेला नसावा.

अडकल्यासारखं वाटलं की आणखी जोर लावायचा मोह होतो. तो आवरा. शेवटची जी हालचाल केली होती ती हलक्या हाताने उलट करून बघा, कारण आत सरकलेली वस्तू बहुतेक वेळा त्याच हालचालीने पाचर होऊन बसलेली असते. मग नजर खाली. हेडसेटची वायर योकच्या दांड्याभोवती, मांडीवरचा नीबोर्ड योकखाली, योकला लावलेला टॅब्लेट पॅनलला टेकलेला, बेल्टचं मोकळं टोक, फ्युएल टेस्टर, पेन, मोबाइल. प्रशिक्षणाच्या विमानात दोन योक आणि पेडलच्या दोन जोड्या असतात, त्यामुळे अडचण समोरच्या बाजूलाही असू शकते. ऑटोपायलट चुकून चालू राहिला असेल तरी योक जड लागतो, म्हणून डिस्कनेक्टचं लाल बटण दाबून बघणं हे पहिल्या पाच सेकंदांतलं काम.

अडथळा माणसाचाही असतो. घाबरलेला विद्यार्थी योक छातीशी धरून बसला, तर ताकदीत इन्स्ट्रक्टर जिंकेलच असं नाही. 'आय हॅव कंट्रोल', 'यू हॅव कंट्रोल', पुन्हा 'आय हॅव कंट्रोल' ही तिहेरी देवाणघेवाण रोजच्या उड्डाणात कंटाळवाणी वाटते. ती त्या एका दिवसासाठी असते. सोडल्यावर हात मांडीवर, दिसतील असे ठेवायचे. तरीही पकड सुटली नाही तर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर हात किंवा चेकलिस्ट धरा. जमीन दिसेनाशी झाली की माणूस दचकून हात सोडतो, असं जुने इन्स्ट्रक्टर सांगत आले आहेत.

बिघाड खरा आहे हे ठरलं की घाई संपली, असं समजा. इंजिन चालू आहे, टाकीत पेट्रोल आहे, विमान उडतंय. ज्या पॉवरवर आणि ज्या वेगावर ते स्थिर आहे तिथेच आधी राहू द्या. रेडिओवर संकोच नको: 'मेडे' तीनदा, मग कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), 'फ्लाइट कंट्रोल प्रॉब्लेम', जागा, उंची, विमानात किती जण आणि काय हवंय ते. लांब फायनल (धावपट्टीच्या रेषेतला उतरण्याचा शेवटचा टप्पा) आणि खाली अग्निशमन गाडी मागा. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड 7700. 'मेडे'पेक्षा सौम्य 'पॅन-पॅन' पुरेल का, हा वाद जमिनीवर गेल्यावर घाला.

आता मोकळ्या एलिव्हेटरबद्दल. केबल सुटलेला एलिव्हेटर हवेच्या प्रवाहात तरंगत राहतो आणि त्याच्या मागच्या कडेवरचा ट्रिम टॅब, म्हणजे ट्रिमच्या चाकाने हलणारी छोटी पट्टी, त्याला हलवू शकतो. चाक नाक वर करायच्या दिशेने फिरवलं की टॅब खाली जातो. टॅबवर हवा आदळते आणि त्याला वर ढकलते, टॅबबरोबर एलिव्हेटरची मागची कड वर जाते, शेपूट दबते, नाक वर येतं. म्हणजे विमानाला अजून एलिव्हेटर आहे, फक्त तो चाकाने चालतो आणि उशिरा ऐकतो.

हा उशीरच लोकांना फसवतो. चाक फिरवलं, नाक लगेच हललं नाही, म्हणून आणखी फिरवलं, आणि मग एकदम जास्त वर गेलं. त्यात विमानाला स्वतःचा एक संथ झोका असतो: नाक वर, वेग कमी, नाक खाली, वेग जास्त. त्याला फ्यूगॉइड म्हणतात. 65 ते 90 नॉटच्या दरम्यान त्याचं एक आवर्तन साधारण 15 ते 20 सेकंदांचं असतं. या झोक्याच्या मागे ट्रिम घेऊन धावलात तर तो वाढतो. चाक अंगठ्याने थोडंसं सरकवा, हात काढा, एक अख्खा झोका जाऊ द्या, मग पुढचं ठरवा. झोका मोडायचाच असेल तर पॉवरने मोडा: नाक क्षितिजाखाली जायला लागताच थोडी पॉवर द्या, वर यायला लागताच तेवढीच काढा.

फ्लॅपचं काम उंचीवर, सरळ उड्डाणात, जमिनीपासून निदान 3,000 फुटांवर उरकून घ्या. आधी 10, ट्रिमने बसवा, मग 20. वरच्या पंखाची सेसना फ्लॅप टाकल्यावर नाक वर उचलते. एरवी आपण नकळत योक पुढे ढकलतो, इथे ते काम चाकाला करायचंय. फ्लॅप 20 आणि 65 नॉटवर विमान सरळ उडायला लागलं की मॅन्युअल सांगतं, ट्रिम तिथेच सोडा आणि उतार फक्त पॉवरने सांभाळा. कारण साधं आहे. ट्रिम वेग ठरवतो, पॉवर उतरण्याचा दर ठरवते. दोन्ही एकदम हलवले तर कशामुळे काय झालं हे कळेनासं होतं.

फायनल 5 ते 6 मैलांची घ्या. 3 अंशांच्या उतारासाठी ग्राउंडस्पीडला 5 ने गुणलं की दर मिनिटाला किती फूट उतरायचं ते मिळतं. 65 नॉटला सव्वातीनशे. 5 मैलांवर धावपट्टीपेक्षा सुमारे 1,600 फूट उंच असायला हवं. माझं मत विचाराल तर याहून थोडा सपाट उतार बरा, कारण शेवटी नाक जेवढं कमी उचलावं लागेल तेवढं चांगलं.

खरी परीक्षा शेवटच्या वीस फुटांत. नेहमीच्या लँडिंगची सवय म्हणते, धावपट्टी आली, थ्रॉटल बंद. इथे ती सवय पुढचं चाक आणि प्रोपेलर दोन्ही घेऊन जाईल. एक तर पॉवर काढताच शेपटीवरचा प्रोपेलरचा झोत कमी होतो. शिवाय जमिनीजवळ पंखामागची हवा पूर्वीइतकी खाली वाकत नाही, त्यामुळे शेपटीला खाली दाबणारा जोरही घटतो. दोन्ही परिणाम नाक खालीच नेतात, आणि योक ओढायची सोय नाही. म्हणून फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) वेळी ट्रिमचं चाक पूर्ण नाक-वर दिशेकडे न्यायचं आणि पॉवर अशी सांभाळायची की विमान आडवं होऊन टेकेल. थ्रॉटल बंद करायचा तो चाकं टेकल्यावर. दोघं असाल तर कामं आधीच वाटून घ्या: एकाचा हात थ्रॉटलवर, दुसऱ्याचा ट्रिमवर. इन्स्ट्रक्टरने बोलायचं, विद्यार्थ्याने चाक फिरवायचं, ही वाटणी चांगली चालते.

गो-अराउंडचा (न उतरता पुन्हा वर जाण्याचा) निर्णय उंचावरच घ्या, माझ्या हिशेबाने 400 फुटांच्या खाली नाही. चाक नाक-वर नेलेलं, फ्लॅप 20, आणि त्यात पूर्ण पॉवर एकदम दिली तर नाक आकाशाकडे जातं आणि ते खाली दाबायला काही उरत नाही. द्यायचीच झाली तर पॉवर हळूहळू, ट्रिम पुढे नेत नेत.

आता अडकलेला एलिव्हेटर. तो हलत नाही, म्हणून टॅबही त्याला हलवू शकत नाही. चाक नाक-वर फिरवलं, टॅब खाली गेला, हवेने त्याला वर ढकललं. हा जोर आता एलिव्हेटर फिरवण्यात खर्च होत नाही, थेट शेपटीला लागतो. शेपूट वर, नाक खाली. टॅब म्हणजे आता एक चिमुकला एलिव्हेटर झालाय आणि चाकावरच्या खुणा त्याच्या दृष्टीने उलट्या आहेत. 172 मध्ये तो फक्त उजव्या एलिव्हेटरवर आहे, त्यामुळे परिणाम छोटा, पण खरा. पायपर पीए-28 मध्ये अख्खं आडवं शेपूट फिरतं, तरी मागच्या कडेवरच्या टॅबचा हिशेब हाच.

म्हणून कोणत्याही परिस्थितीत पहिला प्रयोग एकच: उंचीवर, स्थिर उड्डाणात, चाक थोडंसं फिरवा आणि नाक कुठे जातं ते बघा. खूण काय म्हणते ते विसरा. जे दिसलं ते मोठ्याने बोला आणि नीबोर्डवर लिहा, 'चाक वर, नाक खाली' असं साध्या शब्दांत. फायनलवर डोक्यात गणित करायला वेळ नसतो.

अडकलेल्या अवस्थेत मोठी साधनं दोनच, पॉवर आणि फ्लॅप. तिसरं छोटं साधन म्हणजे वजन. 70 किलोचा माणूस सीटसह 20 सेंटिमीटर मागे सरकला तर 1,100 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य सव्वा सेंटिमीटर सरकतो. पूर्ण वजनाला 172एस मध्ये गुरुत्वमध्याला परवानगी असलेली पट्टी जेमतेम 16 सेंटिमीटरची असते, त्यामुळे हा आकडा दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. सरकायचं ते उंचीवर, एकानेच, आणि सीटचं कुलूप पुन्हा बसल्याची खात्री करून.

क्रूझमध्ये 105-110 नॉटवर एलिव्हेटर अडकला तर पॉवर काढल्यावर विमान जवळपास त्याच वेगाने उतरत राहतं. पहिले 10 फ्लॅप 110 नॉटपर्यंत चालतात, त्यापुढचे 85 च्या आतच. फ्लॅप टाकण्याआधी विचार करा की नाक उचललं गेलं तर ते खाली आणायला काय आहे. एलिव्हेटर नाक-वर अवस्थेत अडकला असेल तर फ्लॅप नकोच. उंचीवरच 5-5 नॉटने वेग कमी करत जा आणि विमान कुठे डगमगतं किंवा डोलतं ते टिपा. त्यापेक्षा 10 नॉट जास्त, हा तुमचा फायनलचा वेग. ही चाचणी ज्या फ्लॅपवर केली त्याच फ्लॅपवर उतरा. एकदा बसलेली घडी मोडू नका.

65 ऐवजी 80 नॉटला टेकलात तर थांबायला लागणारी धाव दीडपट होते, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. अशा वेळी घरच्या छोट्या पट्टीचा हट्ट सोडा. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आतली, नागपूरची सुमारे 3,200 मीटर. पेट्रोल असेल तर लांब, रुंद, वाऱ्याला समोर असलेली आणि अग्निशमन दल असलेली धावपट्टी गाठणं शहाणपणाचं.

एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे, विमान कलवणारे भाग) गेले तर त्या मानाने सोपं. पंखांना पावणेदोन अंशांचा वरचा कोन असल्यामुळे रडर (शेपटीवरचा, पायाच्या पेडलने चालणारा उभा भाग) दिला की नाक आधी त्या बाजूला वळतं आणि मागोमाग पंखही कलतो, दोन सेकंद उशिराने. झुकाव 15 अंशांच्या आत ठेवा, वळणं मोठी घ्या आणि सरळ व्हायचा रडर लवकर द्या. एलेरॉन एका बाजूला कललेल्या अवस्थेत अडकले असतील तर उलटा रडर सतत लागेल. वेग फार कमी केलात तर तो अपुरा पडेल, म्हणून तीच 5-5 नॉटची चाचणी इथेही. आडवा वारा नसलेली धावपट्टी निवडा.

रडर अडकला तर पेडलखालची वस्तू हा पहिला संशय. पॉवर वाढवली की नाक डावीकडे जातं, कमी केली की उजवीकडे, एवढा आधार असतो. बाकी काम एलेरॉनचं. जमिनीवर काय होईल ते मात्र विमानावर अवलंबून आहे. 172 चं पुढचं चाक पेडलला स्प्रिंगच्या मार्फत जोडलेलं असतं आणि हवेत ते मधोमध कुलूपबंद राहतं. पीए-28 मध्ये जोडणी थेट, त्यामुळे वळलेल्या पेडलसह उतरलात तर वळलेलं चाकच टेकतं, ते शक्य तितकं उशिरा टेकवा. डायमंड डीए40 चं पुढचं चाक मोकळं फिरणारं, दिशा ब्रेकने द्यायची.

फ्लॅप टाकताच विमान एका बाजूला लोळायला लागलं तर एक फ्लॅप खाली आलाय आणि दुसरा नाही. तपास नको. लिव्हर लगेच पूर्वीच्या खाचेत, आणि पुन्हा हात लावायचा नाही. फ्लॅप विनाकारण बेस (फायनलआधीचा आडवा टप्पा) ते फायनलच्या वळणात टाकू नका ही शिकवण यासाठीच आहे. कलंडलेल्या विमानात हे लोळणं उशिरा लक्षात येतं. बिनफ्लॅपच्या लँडिंगला 65 ते 75 नॉट.

इलेक्ट्रिक ट्रिम स्वतःहून धावू लागला तर योक घट्ट धरा, लाल बटण दाबून धरून ठेवा आणि तसंच ठेवून ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढा. बटण आधी सोडलं तर मोटर पुन्हा सुरू होऊ शकते. टॅबवरचा हवेचा जोर 110 नॉटला जितका, त्याच्या निम्मा 78 ला, म्हणून नाक खाली जात असेल तर पॉवर काढा, वेग साचू देऊ नका. आणि उड्डाणाआधीच तो ब्रेकर कुठे आहे हे बोटाला माहीत असू द्या. पॅनलवर ब्रेकरची रांग असते आणि सगळे सारखेच दिसतात.

जमिनीवर पकडता येणारे बिघाड यातले कितीतरी आहेत. कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल जागेवर धरणारं कुलूप) काढायचा राहिला म्हणून 30 ऑक्टोबर 1935 ला राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 पडलं, आणि चेकलिस्टची पद्धत तिथून रुजली. 'कंट्रोल्स फुल अँड फ्री' म्हणताना 'करेक्ट' हा तिसरा शब्द लोक गिळतात. योकवर अंगठा उभा धरून डावीकडे वळवा: अंगठा ज्या बाजूला झुकला तो एलेरॉन वर गेला पाहिजे. नोव्हेंबर 2018 मध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर 190 दुरुस्तीनंतर पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्काहून उडालं ते एलेरॉनच्या केबल उलट्या जोडलेल्या अवस्थेत. बराच वेळ झुंजून ते बेजाला उतरलं. कंट्रोलच्या कामानंतर दोन स्वतंत्र माणसांनी तपासणी करायची पद्धत अशा चुकांसाठीच आहे. लॉगमध्ये असं काम दिसलं की त्या दिवशी आपण तिसरे तपासनीस आहोत असं समजा. ट्रिमचंही तसंच: चाक नाक-वर, टॅब खाली. उतरून डोळ्यांनी बघा.

सीटचं कुलूप विसरू नका. जुन्या सेसनांच्या सीटच्या रुळांची भोकं झिजतात, पिन अर्धवट बसते, आणि टेकऑफला सीट मागे घसरली की माणूस आधारासाठी योकच ओढतो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने यासाठी तपासणी सक्तीची केली आहे, तिचा क्रमांक 2011-10-09. बसल्यावर पुढे-मागे जोरात हलून बघा. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या शेपटीत काड्या आणि पिसं दिसली तर साळुंकीने घर केलंय. केबल आणि पुल्या त्याच पोकळीतून जातात. बाहेरून काडी ओढून काढू नका, आतलं सगळं एएमईला (विमानाच्या देखभाल इंजिनिअरला) उघडून बघू द्या.

सुखरूप उतरलात, तर धावपट्टीवर योक हलवून 'आता ठीक वाटतंय का' हे बघू नका. अडकलेली वस्तू तेवढ्याने निसटते आणि कारण कायमचं हरवतं. इंजिन बंद करा, ट्रिमचं चाक आणि फ्लॅप लिव्हर आहे तिथेच राहू द्या, मोबाइलवर दोन्हींचे फोटो घ्या. स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिताना 'एलिव्हेटर हार्ड' एवढ्यावर भागवू नका. कोणत्या दिशेला, किती हालचालीनंतर थांबला, तेव्हाचा वेग, पॉवर, फ्लॅप, ऑटोपायलट चालू होता की बंद, आणि ट्रिम फिरवल्यावर नाक कुठे गेलं. एएमईला नेमकी कुठली पुली आधी उघडायची, हे या ओळींवरून कळतं.